कमी ऐकणाऱ्या मुलाची पहिली शाळा : खेळ



लहान मूल अंगणात खेळत बसले की आपल्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "खेळतंय ना, खेळू दे. तेवढ्यात माझ्या भाकऱ्या उरकतील." मोठ्यांना सवड मिळावी म्हणून मुलांनी खेळावे, असाच जणू आपला समज आहे. पण एकदा जवळ बसून निरखून पाहा. मातीची चूल मांडून बसलेली तीन वर्षांची पोर आपल्या बाहुलीला दटावत असते, "गप नीज, ताप आलाय तुला!" हे वाक्य तिला कुणी पाठ करून दिले? कुणीच नाही. ओसरीवर, विहिरीवर, बाजारात मोठी माणसे आपापसांत बोलत होती. ते तिच्या कानांवर पडले आणि खेळात तिने ते वापरून पाहिले. कानावाटे बी पडले, खेळात ते उगवले.

आता ज्याच्या कानांवर हे बोलणे पडतच नाही, अशा मुलाचा विचार करा. घर माणसांनी भरलेले आहे, सगळ्यांचे ओठ हलताहेत, कुणी हसते आहे, कुणी रागावले आहे. पण का, ते त्याला कळत नाही. इतर मुलांना येता-जाता, न शिकवता हजारो शब्द मिळतात. याला मात्र कुणी मुद्दाम समोर बसून दिल्याशिवाय एकही शब्द मिळत नाही. आणि तीन वर्षांच्या मुलाला समोर बसवून धडा देता येतो का? घटकाभरसुद्धा ते बसायचे नाही. त्याला बसवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खेळ. म्हणून अशा मुलाच्या बाबतीत खेळ हा वेळ घालवण्याचा विषय राहत नाही. तो औषधाइतका निकडीचा होतो. हे औषध दवाखान्यातून आणावे लागत नाही, ते तुमच्याच घरात आहे. त्याविषयी चार गोष्टी इथे सांगायच्या आहेत.

पहिल्याने एक गैरसमज दूर करू. आपण सहज म्हणून जातो, "पोर मुकं-बहिरं आहे." पण अशा बहुतेक मुलांचा गळा, जीभ, ओठ अगदी धडधाकट असतात. ती बोलत नाहीत, कारण त्यांना ऐकू येत नाही. आपल्या कानांवर तमिळ कधी पडली नाही म्हणून आपण तमिळ बोलत नाही. त्यामुळे आपल्याला कुणी मुके म्हणत नाही. तसेच हे आहे. दुसरी गोष्ट अशी की, बहिरेपणाच्या पायऱ्या असतात. कुणाला हलगीचा आवाज येतो, पण आईची हाक येत नाही. कुणाला हाक ऐकू येते, पण बोलण्यातले 'स' आणि 'श' सुटतात. म्हणून "दार आपटलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतंय" असा निर्वाळा घरच्या घरी देऊन टाकू नये.

मग ओळखावे कसे? तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकत नसेल. सहा-सात महिन्यांचे झाले तरी आवाजाच्या दिशेने मान वळवत नसेल. आधी 'अगू-अगू' करायचे आणि पुढे हळूहळू गप्प होत चालले असेल. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल. दीड वर्षात 'आई', 'बाबा' यांसारखे शब्द आले नसतील. दोन वर्षे पुरी झाली तरी 'पाणी दे' असे दोन शब्द जोडता येत नसतील, तर थांबू नये. अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी धीर देतात, "याचा काकासुद्धा उशिराच बोलला." धीर मायेपोटीच दिलेला असतो, पण त्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात. नवस बोलायचा तर बोला, पण कान आधी तपासून घ्या. रक्ताच्या नात्यात लग्न झालेले असेल, घराण्यात कुणी बहिरे असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, जन्मल्यावर त्याला भारी कावीळ झाली असेल किंवा पुढे मेंदूज्वर येऊन गेला असेल, तर लक्षणांची वाटही पाहू नये.

ही तपासणी जन्मल्यापासून करता येते आणि ती मुळीच दुखत नाही. बाळ झोपलेले असताना कानात एक मऊ बोंडूक ठेवून बारीक आवाज सोडतात, आणि आतल्या कानाने दिलेला प्रतिसाद यंत्र टिपते. दुसऱ्या तपासणीत कपाळाला व कानांमागे तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे पाहतात. तज्ज्ञांनी यासाठी एक सोपा हिशेब सांगितला आहे : पहिली चाळणी एक महिन्याच्या आत, पक्के निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाय सहा महिन्यांच्या आत. एवढी घाई कशासाठी? १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि ज्यांना लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा चांगलीच पुढे गेलेली आढळली. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. वाफसा असताना पेरले तर उगवते. वाफसा गेल्यावर तेच बी, तीच जमीन, पण पीक तसे येत नाही. मेंदूत भाषा पेरण्याचा वाफसा पहिल्या तीन-चार वर्षांत असतो. उशीर झाला म्हणून सगळे संपत नाही, पण मग कष्ट फार पडतात.

तपासणी झाली, कानाला यंत्र मिळाले. कुणाला कानामागचे श्रवणयंत्र पुरते; ज्याला त्याचाही उपयोग होत नाही, त्याच्या आतल्या कानात शस्त्रक्रिया करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवतात. घरच्यांना वाटते, झाले, आता पोर बोलणार! आठवडा जातो, महिना जातो, पोर बोलत नाही. मग यंत्र खुंटीला लटकते. हा प्रसंग घरोघर येतो, म्हणून नीट लक्ष द्या. चष्मा लावला की तत्क्षणी दिसते; यंत्राचे तसे नाही. यंत्र आवाज आणून देते, अर्थ आणून देत नाही. त्या मुलाला भांड्याचा खणखणाट, कुत्र्याचे भुंकणे आणि आईची हाक हे सगळे आधी सारखेच नवे असते. कोणता आवाज कशाचा, हे मेंदूला शिकावे लागते. जन्मल्यापासून ऐकणारे मूलसुद्धा वर्षभर नुसते ऐकते आणि मग पहिला शब्द बोलते. तेव्हा यंत्र लागले त्या दिवशी या मुलाचे 'ऐकण्याचे वय' एक दिवस आहे, असे धरा. यंत्र जागेपणी दिवसभर कानाला हवे आणि त्याच्या जोडीला रोजचा खेळ हवा.

हे काम आईबाप करू शकतील का? "आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय जमणार?" असे कुणी म्हणेल. त्यासाठी एक खरी हकीकत सांगण्यासारखी आहे. स्पेन्सर ट्रेसी हा अमेरिकन चित्रपटांतला नामांकित नट. त्याला १९२४ साली मुलगा झाला आणि तो जन्मतः बहिरा असल्याचे पुढे कळले. त्याची आई लुईझ ट्रेसी काही या विषयाची पंडित नव्हती. तिने घरीच, रोजच्या व्यवहारातून आणि खेळातून मुलाला शब्द दिले. मग १९४२ साली तिने लॉस एंजल्स शहरात अशा मुलांच्या आईबापांसाठी एक केंद्र काढले. दूरदूरच्या आईबापांना ते घरच्या घरी करायचे धडे टपालाने पाठवू लागले, तेही विनामूल्य. ध्यानात घ्या, धडे मुलाला पाठवले नाहीत, आईबापांना पाठवले. मूल तज्ज्ञाकडे आठवड्यातून तासभर असते. बाकीचा सारा वेळ ते घरच्यांजवळ असते. खरे गुरू ते घरचेच.

खेळणीही महागाची लागत नाहीत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर खेड्यातल्या व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले, ते भोवताली मिळणाऱ्या वस्तूंमधून साधने करूनच. तोच मार्ग इथेही धरावा.

खेळायला बसताना मात्र काही पथ्ये पाळा. रेडिओ, टीव्ही, मोबाइल, पिठाची गिरणी यांच्या आवाजापासून दूर बसा. यंत्र सगळाच आवाज मोठा करते, त्यात तुमचे बोलणे बुडून जाते. मुलाच्या हाताच्या अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, पाठीमागून नको. त्याला तुमचे ओठ आणि मुद्रा दिसली पाहिजे. ओरडू नका. ओरडल्याने शब्द वेडेवाकडे होतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश, लहान पण पुरे वाक्य बोला. "पाणी" एवढेच नको, "बाहुलीला पाणी दे" असे बोला. आणि सर्वांत अवघड पथ्य म्हणजे थांबा. तुम्ही बोललात की मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्याची पाळी त्याला मिळू द्या. आपण मोठी माणसे दोन क्षणांतच अधीर होऊन त्याच्या वतीने बोलून टाकतो.

आता खेळ सांगतो तसे करून पाहा.

पहिला खेळ ऐकून वाट पाहण्याचा. एक परात आणि दहा-बारा लाकडी ठोकळे किंवा दाणे सोललेल्या मक्याच्या कणसांचे तुकडे घ्या. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू देऊ नका, ती नाकातोंडात घालतात. आई एक ठोकळा हातात घेऊन कानाजवळ धरते आणि ऐकण्याचा आविर्भाव करते. थोरला भाऊ डबा वाजवतो. आवाज आला की आई आनंदाने "आला!" म्हणते आणि ठोकळा परातीत टाकते. दोन-चार वेळा झाले की मुलाचा हात धरून तसेच करवून घ्यायचे, मग हात सोडायचा. आधी डबा त्याला दिसू द्या, नंतर पाठीमागे न्या. कधी लवकर वाजवा, कधी बराच वेळ गप्प राहा, म्हणजे ते अंदाजाने टाकणार नाही. डब्यानंतर घंटा, घंटेनंतर टाळी आणि टाळीनंतर तुमचा आवाज घ्या. चुकून टाकला तर दटावू नका, हसून पुन्हा सुरू करा. गंमत अशी की, तीन-चार वर्षांच्या मुलांचा कान तपासताना तज्ज्ञसुद्धा नेमका हाच खेळ खेळतात. घरी सवय झालेले मूल तिथे घाबरत नाही आणि तपासणी चोख होते.

दुसरा खेळ सहा आवाजांचा. डॅनियल लिंग या नावाजलेल्या शिक्षणतज्ज्ञांनी आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज निवडले. यांत बोलण्यातले जाड आवाज आले आणि बारीकही आले. प्रत्येकाला एक सोंग द्या. आभाळातल्या विमानाचा 'आ', उंदराचा 'ई', कोल्ह्याचा 'ऊ', गोड खाऊचा 'म्म', बाळ झोपले म्हणून 'श्श' आणि सापाचा 'स्स'. खेळ बसला की रोज सकाळी यंत्र घातल्यावर मुलाच्या मागे बसून हे सहा आवाज काढा. एरवी ओळखणारे मूल आज 'स' सोडते आहे, असे दिसले तर यंत्राची बॅटरी उतरली आहे का, कानातल्या साच्यात मळ अडकला आहे का, ते पाहा. यंत्र ठीक असूनही सोडत असेल, तर कान दाखवून आणा. दोन मिनिटांचा खेळ, पण मुलाचा अख्खा दिवस वाया जाण्यापासून वाचतो.

तिसरा खेळ भातुकलीचा. मी तर याला खेळांचा राजा म्हणेन. आपण अशा मुलाला शिकवायला बसलो की वस्तूंची नावे घोकून घेतो : "हे काय? वाटी. हे काय? चमचा." हा खेळ नव्हे, परीक्षा झाली. नुसत्या नावांनी भाषा होत नाही. तिला क्रियापदे लागतात. भातुकलीत ती आपसूक येतात. पीठ मळ, भाकरी थाप, फुंकर घाल, चटका बसला, दूध उतू गेलं, सांडलं, पूस, आणखी दे, पुरे, संपलं! मूल जे करते आहे, त्याला शब्द द्या. ते चूल पेटवत असेल तर चुलीचे बोला, तुम्हाला चमचा शिकवायचा होता म्हणून चुलीवरून उठवू नका. मुलाचे मन जिथे, तिथेच शब्द रुजतो. आणि भातुकलीत पाहुणे येतात, रुसतात, आजारी पडतात. म्हणजे साऱ्या संसाराची भाषाच त्यात आली.

चौथा खेळ झाकलेल्या वस्तूचा. पिशवीत चेंडू, घंटी, वांगे, मातीचा बैल अशा ओळखीच्या वस्तू ठेवा. वस्तू बाहेर काढण्याआधी तिच्याविषयी बोला, "आता बैल येणार हं, बैल!" मग थांबा आणि मग वस्तू दाखवा. वस्तू आधी दिसली की डोळ्यांचे काम होते आणि कान आळशी राहतो. कानाला थोडा आधी जाऊ द्या.

पाचवी आहे आठवणींची वही. काल, उद्या, आधी, नंतर हे शब्द या मुलांना फार अवघड जातात, कारण काल काही बोटाने दाखवता येत नाही. एक साधी वही करा. बाजाराला गेलात तर एसटीचे तिकीट चिकटवा, शेतावर गेलात तर ज्वारीचे पान चिकटवा, पोळ्याला झुलीचा धागा लावा, कोंबडीचे पीस लावा. खाली एक ओळ लिहा : "काल आपण बाजाराला गेलो. बाबांनी पेरू घेतले." रात्री मूल मांडीवर घेऊन पाने उलटा. चित्र वाकडे आले तरी चालेल. ती वही शाळेत गुरुजींकडेही पाठवा, म्हणजे मुलाला काय सांगायचे आहे, हे त्यांना कळेल. ज्या आईला लिहिता येत नाही, तिने वस्तू चिकटवावी आणि ओळ थोरल्या मुलाकडून लिहून घ्यावी.

इथवर शब्दांचे झाले. पण खेळाचा दुसरा गुण याहून मोठा आहे. पोट दुखते आहे, पण सांगता येत नाही. भाऊ कुठे गेला, ते कळत नाही. सगळे हसताहेत ते आपल्यालाच का, असा संशय येतो. अशा मुलाने चावे घेतले, वस्तू फेकल्या, जमिनीवर लोळण घेतली, तर त्यात नवल काय? आपण त्याला हट्टी म्हणतो. खरे तर त्याच्याजवळ सांगायला शब्द नसतो, म्हणून ते अंगाने सांगते. त्याला मारून गप्प केले तर उरलेली वाटही बंद होते. यासाठी रोज पंधरा मिनिटे अशी ठेवा की, त्यात मूल मालक आणि तुम्ही गडी. काय खेळायचे, कसे खेळायचे, ते त्याने ठरवावे. चिखल थापटायचा असेल तर थापटू द्या, रचलेले मनोरे पाडायचे असतील तर पाडू द्या. स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करायची नाही, एवढाच नियम ठेवा. तुम्ही शेजारी बसून त्याच्या मनातले शब्दांनी किंवा खुणेने सांगा : "राग आला. खूप राग आला." चार मातीच्या बोळक्यांवर खडूने हसरा, रडका, रागावलेला आणि घाबरलेला असे चेहरे काढा. पुढे पुढे ते चावण्याऐवजी रागाचे बोळके आणून तुमच्यापुढे ठेवील. ही मोठीच मजल झाली, बरं का.

दवाखान्याची भीतीही खेळातच निघते. कानाचा साचा घ्यायचा असतो, तेव्हा तंत्रज्ञ कानात मऊ लगदा भरतात. मूल किंचाळते. म्हणून आधी चार दिवस घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा. मुलाला डॉक्टर करा आणि बाहुलीच्या कानाला कणीक लावू द्या. बाहुलीच्याच हं, आपल्या कानाला नव्हे. हे सांगून ठेवा आणि जवळच बसा. कापूस आणि दोरा घेऊन बाहुलीला यंत्रही करा. बाहुलीने यंत्र घातले, दादाने खोटे यंत्र घातले, मग आपलेही यंत्र काही वेगळेपणाची खूण राहत नाही. खऱ्या यंत्राच्या चपट्या बॅटऱ्या मात्र मुलांपासून जपा. ती गिळली तर आतून भाजते आणि जिवावर बेतते. क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

हातांच्या खुणांविषयी नेहमी विचारले जाते, "खुणा शिकवल्या तर पोर बोलायचंच नाही ना?" खुणांमुळे बोलणे बुडते, ही भीती धरून मुलाचे हात बांधू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पुरी भाषा आहे. तिच्या अभ्यासासाठी आणि प्रसारासाठी केंद्र सरकारने २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र संस्था सुरू केली. कोणत्या मुलाला यंत्राने बोलणे साधेल आणि कोणाला हातांची भाषा अधिक जवळची ठरेल, हे प्रत्येकाच्या कानावर आणि परिस्थितीवर अवलंबून आहे. ते तज्ज्ञांना विचारून ठरवा. पण तोंडाची असो, हातांची असो वा दोन्ही असोत, मुलाजवळ वेळेवर एक पुरी भाषा असली पाहिजे. भाषेवाचून ठेवलेले मूल विचारांनीही उपाशी राहते. आणि वर सांगितलेले बहुतेक खेळ दोन्ही भाषांत खेळता येतात.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी दोन शब्द. असे मूल पुढच्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. लिहून झाले की वळावे आणि मग बोलावे. "समजलं का?" असे विचारले तर ते हो म्हणून मान हलवते, कारण नाही म्हटले की हसतात, हे ते शिकलेले असते. त्याऐवजी "काय करायचं ते करून दाखव" म्हणावे. मैदानावरचे खेळही थोडे बदलावे लागतात. आंधळी कोशिंबीर घ्या. आपण त्या मुलाचे डोळे बांधतो, म्हणजे त्याचे कानही बांधतो! ते घाबरते आणि आपण म्हणतो, भित्रे आहे. त्याच्यावर राज्य आले की डोळे न बांधता लंगडी घालून पकडायला सांगावे. शिट्टीवर पळण्याच्या शर्यतीत शिट्टीबरोबर रुमाल खाली करावा. कानगोष्टींऐवजी एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोटाने चित्र काढायचे आणि ते पुढे पाठवायचे, असा खेळ घ्यावा. त्यात सगळीच मुले सारखी. नियम एकट्यासाठी बदलला तर ते बिचारे ठरते. सगळ्यांसाठी बदलला तर तो नवा खेळ होतो. लगोरी, सागरगोटे, गोट्या यांत तर कानाचे काहीच अडत नाही. तिथे ते मूल पुढे असेल, तर त्याला संघाचा नायक करा.

मदत कुठे मिळेल, तेही सांगून ठेवतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुले तपासायला येतात. पथक येईल त्या दिवशी मूल शेतावर किंवा मामाच्या गावी नेऊ नका. पुढची तपासणी आणि उपचार जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रामार्फत होतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची, ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना श्रवणयंत्र मिळते आणि लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही तिच्यात तरतूद आहे. आशाताईंना विचारले तर रस्ता कळेल. आणि मुलाचा कान वाहत असेल तर त्यात तेल, पाला, दूध काहीही ओतू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे लहान मुलांतला सुमारे ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्याजोग्या कारणांनी येतो, आणि वाहता कान हे त्यातलेच एक कारण आहे.

यंत्र सरकार देईल, शस्त्रक्रिया डॉक्टर करतील, धडे शाळा देईल. पण चिखलाची भाकरी खोटी खोटी खाऊन "वा, काय गोड झालीय!" असे म्हणायला आई, बाबा, आजी, दादा यांच्यापैकीच कुणीतरी लागते. दिवसातून पंधरा मिनिटे, तोंडावर उजेड, समोर एक बोळके आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा धीर, एवढे भांडवल खेड्यातल्या कुठल्याही घराला परवडणारे आहे. घरात किंवा शेजारी असे मूल असेल, तर संध्याकाळच्या कामातून ही पंधरा मिनिटे आजच वेगळी काढा. वाफसा फार दिवस टिकत नाही.